गाळाच्या म्हशी

पूर ओसरल्यावर सांगलीत प्रत्येक जण काही ना काही धूत होता. मी पत्रे लिहीत होतो. कृष्णेचे पाणी आमच्या सोसायटीच्या तळमजल्यातून निघून गेले, परंतु आपला गाळ मागे ठेवून गेले. रहिवाशांनी तो घमेल्यांनी उपसून फाटकाबाहेर टाकला आणि तो तिथेच राहिला. हा ढीग उचलणे कोणाचे काम, या साध्या प्रश्नावर एका कार्यालयाने मला दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने अत्यंत नम्र भाषेत पुन्हा पहिल्याकडे. माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत गेली. मुदत, पोच आणि जबाबदारी हे शब्द मी अजूनही गांभीर्याने घेतो. जो घेत नाही त्याचा मला राग येतो, आणि तो राग मी कागदावर उतरवतो. सोसायटीने मला अध्यक्ष केले ते बहुधा त्याचसाठी; माझ्या पत्रांचा त्रास बाहेरच्यांना व्हावा, आतल्यांना नको.

एका सकाळी पाहतो तर आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी त्या ढिगावर बसून खुरप्याने गाळ पोत्यात भरत होती. सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागातली, माण तालुक्यातली. घर मेंढपाळांचे. सांगलीत राहून तिने चित्रकलेचे शिक्षण घेतले होते आणि आता शाळाशाळांतून तासिका घेऊन ती पोट भरत असे. मी तिला हटकले, तर तिने मान वर करून विचारले, "काका, हा गाळ कुणाच्या मालकीचा?"

प्रश्न कायद्याचा होता आणि बिनतोड होता. नदीतली माती काढायची तर सरकारची परवानगी लागते. परंतु जी माती परवानगी न विचारता स्वतःच आमच्या दारात आली, तिचे काय? मी उभ्या उभ्या बराच विचार केला आणि तिला सांगितले की मालकीचा निर्णय होईपर्यंत ताबा सोसायटीचा आहे, सबब लेखी अर्ज कर. दुपारी अर्ज आला. सुवाच्य अक्षर, विषय, संदर्भ, आपली नम्र. कारण म्हणून एकच ओळ होती : पुरात ज्यांचे जे गेले ते त्यांना याच मातीतून करता यावे म्हणून. मला कारण समजले नाही, पण अर्ज नमुनेदार होता, म्हणून मी तो मंजूर केला.

वाहन लावण्याच्या आमच्या तळमजल्याच्या जागेत, जिथे छताजवळ पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसत होती, तिथे हिवाळ्यापासून दर रविवारी तिची बैठक भरू लागली. आधी आमच्याच घरातून सुरुवात झाली. सौभाग्यवती खाली गेल्या आणि दोन तासांनी एक ओबडधोबड शिवणयंत्र घेऊन वर आल्या. त्यांचे खरे यंत्र तळमजल्यावरच्या आमच्या कामाच्या खोलीत पुरात गंजून गेले होते आणि त्याबद्दल त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी संध्याकाळभर त्या त्याच यंत्राविषयी बोलत राहिल्या; कोणाकोणाची झबली त्यावर शिवली इथपर्यंत. पुढच्या रविवारी खालच्या वस्तीतल्या बाया आल्या. कोणी कोंबड्या केल्या, कोणी देव्हारा, एका निवृत्त संगीतशिक्षकांनी पेटी केली आणि तिच्या पट्ट्या इतक्या बारकाईने कोरल्या की त्यांना दोन रविवार लागले. मुलगी फारसे शिकवत नसे. माती मळून द्यायची, हात कुठे अडखळला तर आपला हात लावायचा, आणि काय गेले एवढेच विचारायचे.

मलाही विचारले. मी म्हणालो की मी येथे देखरेखीसाठी उभा आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, माझ्या यंत्राबरोबर त्यांचं टंकयंत्रही गेलं. तेव्हापासून शहराला जरा शांतता आहे." सगळी बैठक हसली. मी खुर्ची ओढून बसलो आणि टंकयंत्र केले. कळा जागच्या जागी बसवताना अक्षरांचा क्रम बोटांना आपोआप आठवत गेला. हे मी कोणाला सांगितले नाही.

याच बैठकीत एक दिवस आमच्या गवळ्याची बायको त्याला घेऊन आली.

हा गवळी आमच्या घरी वर्षानुवर्षे दूध घालत असे. खाली नदीकाठच्या मळीच्या जमिनीला लागून त्याचा गोठा होता, तीन म्हशी होत्या. जिना चढायच्या आधीच त्याचा आवाज वर यायचा आणि दाराशी आला की माझ्याशी भाव, पाऊस, पुढारी यांवर भांडण काढल्याशिवाय तो जात नसे. पुरात त्याच्या तिन्ही म्हशी गेल्या. त्यानंतर तो त्याच सायकलवरून पिशव्यांचे दूध टाकू लागला. दारात पिशवी ठेवायची आणि निघून जायचे. हाक मारली तर मान हलवायची. त्याच्या बायकोने सौभाग्यवतींना सांगितले होते की घरीही तेच. गोठ्याकडे पाठ करून जेवतात, आणि म्हैस घ्यायचा विषय काढला की ताटावरून उठतात. "माणूस हाय, पर घरात न्हाई," असे ती म्हणाली होती. तिला म्हशीपेक्षाही तो माणूस परत हवा होता.

तो बसला. माती हातात घेतल्यावर मात्र त्याच्या बोटांना काही सांगावे लागले नाही. पाठीची रेघ, पोटाचा घेर, मागे वळलेली शिंगे. पाहता पाहता बसलेली म्हैस तयार झाली. आम्ही सारे आपापले काम सोडून पाहत होतो. मुलगी हरखून गेली. आषाढातला बेंदूर जवळ आला होता. आमच्याकडे या सणाला बैलांना सजवतात आणि ज्यांच्याकडे बैल नाही ते मातीचे करून पूजतात. या वर्षी बैठकीतली सारी जनावरे बेंदराला मिरवायची असे तिने ठरवले होते आणि त्यासाठी प्रत्येक मातीच्या जनावराच्या गळ्यात ती सुतळीचे रंगीत दावे बांधत होती. तिने मोठ्या हौसेने एक तांबडे दावे निवडले, त्या म्हशीच्या गळ्यात बांधले आणि दुसरे टोक जमिनीतल्या खिळ्याला अडकवले.

गवळी उठला. मातीचे हात तसेच ठेवून फाटकाबाहेर गेला.

त्याच्या बायकोने मला काय झाले ते सांगितले आणि माझे डोके तापले. ज्या दिवशी पाणी चढले त्या दिवशी त्याच्या म्हशी बांधलेल्याच राहिल्या होत्या. पाणी उतरल्यावर त्या सापडल्या तेव्हाही दावी गळ्यात होती. अशा माणसासमोर दावे बांधायचे! मी वर गेलो आणि त्या मुलीला पत्र लिहिले. त्यात पाच मुद्दे होते आणि शेवटी, आपण सदर कृत्य कोणत्या विचाराने केले याचा खुलासा तत्काळ करावा, असे होते. पत्र तिच्या दाराच्या फटीतून सरकवले.

ती पत्र हातात घेऊनच आली. खुलासा लिहिला नव्हता. दारात उभी राहून म्हणाली, "काका, आमची मेंढरं कवा बांधत न्हाईत. दिवसभर मोकळी, रातीला जाळीची वाघर लावली की झालं. दावं म्हंजे मला सणाचं वाटलं. घुंगरं, गोंडं, तसंच एक."

सदर खुलासा ग्राह्य होता. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या एकही जनावर खुंट्याला बांधले गेले नाही, तिथल्या मुलीला दाव्याचा अर्थ कळणार कुठून? आणि नदीकाठच्या आमच्यापैकी एकालाही, मला धरून, तो तिला आधी सांगावासा वाटला नाही. आम्ही तो सर्वांना ठाऊकच असतो असे गृहीत धरले. तिने विचारले, त्यांच्या घरी गेले तर हाकलतील का? मी म्हणालो, हाकलले तर माझ्यासमोर हाकलतील, चल.

गवळी रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. त्याने आम्हांला या म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. मुलगी समोर जमिनीवर बसली. क्षमा मागेल असे मला वाटले होते. तिने आपल्या मेंढरांचे सांगायला सुरुवात केली. चारणीला कोकणाकडे कसे उतरतात, रात्री वाघर कशी लावतात, लांडगा आला तर मेंढरे कशी एकमेकांत घुसतात. तो ऐकत होता. जरा वेळाने त्याने विचारले, "मोकळी ठेवल्यावर हरवत न्हाईत?"

"हरवत्यात की. चार-दोन दर सालाला."

"मग?"

"मग हुडकायची. न्हाई घावली तर न्हाई."

त्याने रिकाम्या गव्हाणीकडे एकदा पाहिले. मग खाली बघतच बोलू लागला, जणू आम्ही तिथे नव्हतो.

"नाववाले म्हनले, माणसं आधी. त्यांचं बरोबरच हाय. मी म्हनलं, सांजच्याला येतो माघारी. जाताना तिन्ही दावी बघितली. एकीचं ढिलं हुतं, ते आवळलं. सुटून पाण्यात गेली तर कुठं हुडकायची, म्हनून."

एवढेच. त्यानंतर पाणी किती वेगाने चढले हे साऱ्या सांगलीला माहीत आहे. मला वाटते, सोडायचे राहून गेलेले दावे त्याला एकवेळ सोसले असते. आपल्या हाताने आवळलेले सोसत नव्हते. माझ्या ओठांवर अनेक वाक्ये आली, त्यांत दोष कोणाचा आणि कोणत्या आदेशातला हेही होते. मुलीने माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी ती वाक्ये गिळली.

ती म्हणाली, "मामा, हरवू नयेत म्हनून आवळलं तुमी. मी तर नुसतं दिसायला बांधलं. तुमची म्हस खाली तशीच हाय, मी दावं काढलंय. शेपूट राहिलीय करायची."

"बिनदाव्याची म्हस ऱ्हाते व्हय जाग्यावर?"

"मातीची हाय, मामा. कुठं जातीय?"

तो हसला. फार नाही, नाकातून आवाज निघाला एवढेच. त्याची बायको दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली. पुढच्या रविवारी तो शेपूट करायला आला. मग दुसरी म्हैस केली, मग तिसरी.

बेंदराच्या संध्याकाळी आमच्या खालच्या वस्तीत कर तोडतात. गवत वळून, त्यात कडुलिंबाचे डहाळे खोवून केलेला दोर वेशीवर आडवा बांधायचा आणि मानाच्या बैलाने धावत येऊन तो तोडायचा. वेस आता राहिलेली नाही. तिच्या जागी दोन विजेचे खांब आहेत आणि कर त्यांनाच बांधतात. विजेच्या खांबाला काहीही बांधणे नियमबाह्य आहे, याविषयी मी पूर्वी पत्रव्यवहार केलेला आहे. त्या दिवशी मी तो विषय काढला नाही. बैठकीतली माणसे आपापली जनावरे पाटावर घेऊन आली होती : बैल, शेळ्या, कोंबड्या, एक मांजर. अग्रभागी गवळी, त्याची बायको आणि मुलगी, तिघांच्या हातांत तीन म्हशी.

कर तोडायचा मान ज्यांच्या घराकडे आहे त्या मानकऱ्यांनी हात आडवा केला. "आवं, म्हशीला कर तोडायचा मान न्हाई. कवाच नव्हता."

मी पुढे झालो. मानकऱ्यांच्या घरी बैल नसल्याला कितीतरी वर्षे झाली. दर बेंदराला ते ट्रॅक्टरला झूल घालून त्यानेच कर तोडतात, हे मला ठाऊक होते. मी विचारले, "ट्रॅक्टरला होता का मान?"

"ट्रॅक्टर बैलाच्या जागी हाय."

"मग या म्हशीही कोणाच्या तरी जागी आहेत."

माझ्या आयुष्यात मी बराच युक्तिवाद ऐकला आहे आणि काही लिहूनही दिला आहे, परंतु समोरचा इतक्या लवकर निरुत्तर झाल्याचे आठवत नाही. मानकरी भले गृहस्थ. त्यांनी म्हशीकडे पाहिले, गवळ्याकडे पाहिले आणि बाजूला झाले. आता प्रश्न असा की मातीची म्हैस कर तोडणार कशी? शिंगे मोडली असती. सगळे मुलीकडे पाहू लागले आणि ती खांबांकडे पाहू लागली.

गवळ्याने आपला पाट माझ्या हातात दिला. चालत खांबाशी गेला, गाठ चाचपली आणि दोन्ही हातांनी ती सोडू लागला. गाठ पक्की होती, गवत ओले होते, वेळ लागला. कोणी मदतीला गेले नाही. दोर सुटून रस्त्यावर पडला तेव्हा मानकरीच म्हणाले, "सुटला कर. चला आता." आणि ताशा वाजू लागला. बेंदराची मातीची जनावरे पुढे पाण्यात सोडायची असतात. बाकीच्यांनी ती सोडली. गवळ्याने नाही. "ह्यास्नी आता पाणी नको," म्हणाला आणि तिन्ही घरी घेऊन गेला. यावर मानकऱ्यांनीही हरकत घेतली नाही.

आता मी जे सांगणार आहे ते कबूल करणे मला थोडे जड जाते. पुरात जनावरांची व्यवस्था काय, असे मी संबंधितांना अनेकदा लिहिले होते, उत्तर नव्हते. बेंदरानंतर वस्तीची सभा झाली, मी ठराव लिहिला : पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागताच, माणसे हलवण्याची वेळ येण्यापूर्वी, जनावरे उंच जागी न्यावीत, तशी जागा व तसा इशारा आगाऊ ठरवावा. ठराव काटेकोर होता. मुलगी म्हणाली, काका, नुसता कागद नको. दुसऱ्या रविवारी तिने साऱ्यांकडून पुन्हा जनावरे करून घेतली आणि ठराव द्यायला गेलो त्या दिवशी ती पुराची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाच्या जिन्यावर पायरीपायरीवर मांडली. साहेब जेवायला निघाले. पाय ठेवायला जागा नव्हती. ते थांबले, एका शेळीकडे वाकून पाहू लागले आणि विचारू लागले, ही कोणाची? शेळीवाली सांगू लागली. मग कोंबड्यावाली. ते जिन्यावर उभे राहून ऐकत राहिले. ठरावाची पोच मला त्याच दिवशी मिळाली आणि पुढच्या पावसाळ्याच्या तयारीच्या कागदात जनावरांसाठी वेगळे कलम आले. त्याची भाषा माझीच आहे, किरकोळ फेरफारासह. परंतु कलम माझ्या भाषेने आलेले नाही, हे मी येथे नमूद करतो.

गवळ्याने दिवाळीनंतर एक म्हैस घेतली, उन्हाळ्यात दुसरी. पुढच्या श्रावणात पाणी पुन्हा वाढू लागले. फार चढणार नाही असे सारे म्हणत होते, आणि चढलेही नाही. परंतु कलमात म्हटल्याप्रमाणे वरच्या पायऱ्या भिजताच इशारा झाला आणि तासाभरात गवळी आपल्या दोन व शेजाऱ्यांच्या चार म्हशी घेऊन आमच्या फाटकाशी उभा राहिला. वस्तीहून उंच अशी पहिली जागा म्हणून आमचे आवार ठरलेले होते; पाणी इथवर येण्याची चिन्हे दिसली तर तिथून आणखी वर न्यायचे होते. ते मीच ठरवले होते. मोटारी मी आदल्या दिवशीच बाहेर काढायला लावल्या होत्या.

सचिवांचे पत्र दुपारीच आले. सोसायटीच्या कोणत्या उपविधीनुसार आपण म्हशींना प्रवेश दिला, याचा खुलासा करावा. पत्र उत्तम होते. मसुदा लिहायला त्यांना मीच शिकवले आहे. मी उलट टपाली, म्हणजे जिना उतरून, कळवले की उपविधींत वाहनांना जागा नेमून दिली आहे, परंतु म्हशींना मनाई कोठेही नाही, आणि मनाई असल्यास तो उपविधी माणुसकीस धरून नसल्याने सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यास मी तयार आहे. सचिव पत्र वाचत होते तेव्हा त्यांची नात एका म्हशीच्या पाठीवर खडूने फुले काढत होती. गच्चीवरची मुलगी तिला खडू पुरवत होती. म्हैस रवंथ करीत होती. त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

म्हशी चार दिवस राहिल्या. आवार धुवायला आणखी दोन दिवस लागले आणि त्याबद्दल मला जे ऐकावे लागले ते मी ऐकून घेतले. पाणी उतरल्यावर सारे आपापल्या गोठ्यात गेले. मुलगी आता मिरजेच्या बाजूला आणखी एका वस्तीत रविवारी जाते. तिथे जाण्यापूर्वी ती माझ्याकडून अर्ज तपासून घेते आणि मी त्यात चुका शोधतो. हल्ली फार सापडत नाहीत.

गवळी पुन्हा किटलीने दूध घालतो. परवा सौभाग्यवतींनी दूध तापवले तर साय धरेना. मी सकाळी दारातच उभा राहिलो. त्याचा आवाज नेहमीप्रमाणे खालच्या मजल्यापासूनच येत होता. कोणाशी तरी उसाच्या दरावरून वाद चालू होता. वर आल्यावर मी त्याला ठणकावून सांगितले की दुधात पाणी आहे आणि भेसळीला कायद्यात शिक्षा आहे.

त्याने किटली खाली ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सायेब, पूरग्रस्त म्हशी हायत. थोडं पाणी ऱ्हायलं असंल आत."

मग स्वतःच इतका हसला की किटलीचे झाकण पडले आणि जिन्यावरून गडगडत खाली गेले. आतून सौभाग्यवतींचेही हसणे ऐकू आले. त्याने माप भरून दूध घातले, वर थोडे जास्त घातले, आणि झाकण शोधायला बडबडत खाली उतरला. याबाबत मी लेखी तक्रार केलेली नाही.